रंगीत पाळण्याचा रंग दर पावसाळ्यात पुन्हा का उठतो

जुलै अर्धा सरला की फोन सुरू होतात. "काका, पाळण्याचा रंग परत उठालाय की." यातला 'परत' हा शब्द मी नीट ऐकतो. पहिल्यांदाच रंग उठला असं सांगणारा माणूस मला क्वचित भेटतो. गेल्या वर्षी कुणीतरी पापुद्रे पांढऱ्या गोंदाने चिकटवलेले असतात. त्याच्या आधी कुणी वरून पारदर्शक कोट मारलेला असतो, आणि त्याच्याही आधी आजीने दर दिवाळीला खोबरेल चोळून चकाकी आणलेली असते. एका दुखण्यावर तीन औषधं झाली, पण दुखणं कुठलं हे कुणी पाहिलेलं नसतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुन्या वाड्यांतून अजून बरंच रंगीत लाकडी सामान आहे. पाळणे, चौरंग, जेवायचे पाट, देव्हारे, लग्नात दिलेले पेटारे. हे सामान एका ठिकाणचं नाही. काही वेंगुर्ले रस्त्याने आंबोली घाट चढून सावंतवाडीहून आलं. काही धारवाडच्या बाजूने कलघटगीहून. लाखेच्या रंगातले पाळणे हे कलघटगीचं जुनं नाव, आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांत तिकडची सून आली तेव्हा मागून पाळणाही आला. थोडंफार गोकाकचं आणि कोप्पळजवळच्या किन्नाळचं, पण ते बहुतेक खेळणी आणि देवाच्या मूर्ती. उरलेलं सगळं गावच्या सुताराने केलेलं आणि हाताशी जो रंगारी होता त्याने रंगवलेलं. हे आधी सांगतो, कारण प्रत्येकाच्या रंगातला 'धरणारा' पदार्थ वेगळा आहे. एकाला तारेल ते दुसऱ्याला मारतं.

आधी तीन बोळे

हात लावायच्या आधी एक सोपी चाचणी करा. उदबत्तीच्या काडीला कापूस गुंडाळून तीन बारीक बोळे करा. जागा निवडायची ती न दिसणारी, म्हणजे पाळण्याच्या आडव्या पट्टीची खालची बाजू किंवा पाटाच्या खुराची आतली बाजू. काड्यापेटीतल्या काडीच्या गुलाएवढाच ठिपका. पहिला बोळा पाण्याचा, दुसरा टर्पेंटाइनचा, तिसरा पॉलिशवाले वापरतात त्या स्पिरिटचा. प्रत्येक बोळा वेगळ्या ठिपक्यावर हलकेच फिरवायचा आणि कापसाकडे पाहायचं.

पाण्याला रंग आला तर रंग डिंकात, सरसात (हाडा-कातड्यापासूनच्या गोंदात) किंवा खळीत कालवलेला आहे. स्पिरिटला आला तर लाख. टर्पेंटाइनला पिवळट-तपकिरी चिकट काहीतरी आलं तर तो रंग नाही, वर साठलेलं तेल आणि धूर आहे. तिन्हीला काही आलं नाही तर बहुधा वरून ऑइलपेंट मारलेला आहे किंवा हल्लीचा पारदर्शक कोट, आणि मूळ काम त्याच्या पोटात आहे.

जुनी लाख वयानुसार हट्टी होते हे लक्षात असू द्या. ऐंशी वर्षांची लाख स्पिरिटला लगेच दाद देत नाही. बोळा अर्धा मिनिट ठेवा. तरी काही आलं नाही म्हणून ती लाख नाही असा निकाल देऊ नका, त्या ठिपक्यावर बोट टेकवून पाहा. जरासं चिकट लागलं तर लाखच.

साफसफाईला सगळ्यात सौम्य द्रावण कुठलं असं लोक विचारतात तेव्हा मी थुंकी म्हणतो आणि लोक हसतात. पण संग्रहालयांतसुद्धा चित्रावरचा मळ काढायला हेच वापरत आले आहेत. कोमट असते, जराशी ओशट असते, मळ धरून ठेवते. फक्त बोळा एकदाच तोंडात घालायचा. रंगाला लागलेला बोळा परत तोंडात गेला तर काय होईल ते पुढे सांगतो.

रंग कसा उठलाय ते वाचा

बॅटरी घ्या, खोलीतला दिवा बंद करा आणि बॅटरी फळीला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश पाडा. समोरून जो रंग सपाट दिसत होता तो आता डोंगर-दऱ्यांसारखा दिसेल.

लाकडाच्या रेषांच्या दिशेने लांब लांब कणे उभे राहिलेत, कौलारू छपराच्या आढ्यासारखे? मग फळी आक्रसली किंवा वाकली आणि रंगाला जागा कमी पडली. रंगाच्या बारीक वाट्या झाल्यात, कडा वर आणि मध्य चिकटलेला? मग वरचा थर स्वतः आवळतोय, म्हणजे कुणीतरी वरून जाड कोट मारलाय. बोटाला नुसती पूड लागते, पापुद्रा असा नाहीच? मग रंगातला डिंक संपला.

पापुद्रा पडला असेल तर तो उलटा करून पाहा. मागे पांढरं अस्तर चिकटलेलं असेल आणि खाली कोरं लाकूड दिसत असेल तर सुटका लाकूड आणि अस्तर यांच्यामध्ये झाली. मागची बाजू स्वच्छ रंगीत असेल आणि अस्तर लाकडावरच राहिलं असेल तर दोष वरच्या थरांत. आपल्या भागात मी पाहिलेल्या दहापैकी सात-आठ तुकड्यांत पहिला प्रकार असतो, अस्तरच लाकूड सोडतं. जुन्या कामात हे अस्तर खडू किंवा तत्सम पांढरी पूड आणि चिंचोक्याची खळ किंवा सरस यांचं असतं. हवा कोरडी असली की दगडासारखं, ओल लागली की भाकरीसारखं मऊ.

माझी स्वतःची घोडचूक

खानापूरच्या पलीकडे, जांबोटीच्या वाटेवरच्या एका घरातला कलघटगीचा पाळणा माझ्याकडे आला तेव्हा मी या कामात नवा होतो. लाल-पिवळी लाख, बाजूच्या फळ्यांवर कृष्णाच्या बाललीला, वर टांगायचे चार राघू. तीन राघू शाबूत, चौथ्याची चोच गेलेली. उन्हाळा होता. मी सुटलेले पापुद्रे चिकटवले, भेगांत लांबी (पुट्टी) भरली, आणि घरच्यांना आवडेल म्हणून पुढच्या बाजूने पॉलियुरेथेनच्या पारदर्शक कोटाचे दोन हात मारले. काय चमकला! घरातल्या आजी म्हणाल्या, "माझ्या बारशात पण असला नव्हता गा."

ऑगस्टमध्ये फोन आला. मी गेलो. पुढच्या फळीवर बोटभर उंचीचे कणे उभे होते. कोट कुठेच फुटला नव्हता, तो शाबूत होता. त्याने आपल्याबरोबर लाख आणि अस्तर दोन्ही लाकडापासून उपटून उचललं होतं. भरलेल्या लांबीने भेगांच्या दोन्ही कडा चेपून टाकल्या होत्या.

हे का झालं ते कळायला मला आणखी दोन पावसाळे लागले. सागाची फळी आडव्या दिशेने, म्हणजे रेषांना काटकोनात, चांगलीच फुगते-आक्रसते. ओल्या लाकडापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत साधारण ५.८ टक्के, आणि फळी दुसऱ्या दिशेने चिरलेली असेल तर अडीच टक्के. रेषांच्या दिशेने मात्र जवळजवळ काहीच नाही, म्हणून कणे नेहमी रेषेबरोबर धावतात. लाकडातली ओल एक टक्का वाढली की रुंदी साधारण ०.२ टक्के वाढते असा ढोबळ हिशेब धरा. एप्रिलच्या कोरड्या हवेत खोलीतल्या लाकडात आठ टक्के ओल असेल, श्रावणात बंद घरात पंधरा. सात टक्क्यांचा फरक. फूटभर रुंद फळी चार मिलिमीटर रुंद झाली! खळीच्या अस्तराला चार मिलिमीटर म्हणजे फार झालं.

पण नुसती फळी फुगली तर जुनं काम सोसतं. शंभर पावसाळे सोसलेलंच असतं की. माझ्या कोटाने त्यात दोन गोष्टी बिघडवल्या. पुढची बाजू बंद झाली, मागची कोरी राहिली. ओल मागून आत गेली, मागचा भाग आधी फुगला, फळी पुढच्या बाजूला आत वाकली आणि पुढचा रंग दाटीत सापडला. शिवाय मागून आलेली वाफ पूर्वी रंगातून हळूहळू बाहेर पडत असे, ती आता कोटाखाली अडकली आणि अस्तरातली खळ तिने मऊ केली. वरचा कोट अस्तरापेक्षा कितीतरी बळकट. ओढाताणीत दुबळा हरला.

तो कोट पुढे काढावा लागला. पॉलियुरेथेन विरघळवणाऱ्या गोष्टी लाखेला आधी खातात, त्यामुळे डोळ्याला भिंग लावून शस्त्रक्रियेच्या पात्याने कण-कण उडवत बसलो. दिवसाला तळहाताएवढी जागा. पाळण्याला बाजू चार.

पुढून नाही, मागून सुरू करा

तेव्हापासून कुठलाही तुकडा आला की मी आधी त्याची पाठ पाहतो. फळीच्या मागे आडव्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या असतील तर अर्धं उत्तर तिथेच मिळतं. मूळ सुताराने पट्टी खाचेत सरकती बसवलेली असते. नंतरच्या दुरुस्तीवाल्याने 'पक्की' व्हावी म्हणून चार खिळे मारलेले असतात. फळीला फुगायचंय, पट्टी सोडत नाही, मग फळी फाटते किंवा रंग उठतो. खिळे काढा. पट्टी ठेवायचीच असेल तर स्क्रूची भोकं लांबट करा, म्हणजे फळी त्यात सरकेल. मधला एक स्क्रू घट्ट, बाजूचे दोन सैल.

भेगा उन्हाळ्यात भरू नका. फळी सगळ्यात आक्रसलेली असते तेव्हा भेग सगळ्यात रुंद असते. त्यात इपॉक्सी किंवा लांबी ठासली की पावसाळ्यात फळीला परत यायला जागा उरत नाही. फारच रुंद भेग असेल तर हलक्या लाकडाची चीप एकाच कडेला चिकटवून बसवावी, दुसरी कड मोकळी. बाकीच्या भेगा तशाच राहू द्या. जुन्या पाळण्याला भेग असणं हा दोष मी मानत नाही.

आणि पाठ कोरी आहे म्हणून तिलाही ऑइलपेंट मारून टाकू का, असं विचारतात. नको. आत असलेली ओल कोंडली जाईल आणि एखाद्या फटीतून आलेली बाहेर जाणार नाही. पाठीला पातळ चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) एक हात पुरे, तोही लाकूड पूर्ण वाळल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत. त्याने ओल थांबत नाही, फक्त आत-बाहेर व्हायचा वेग कमी होतो. हवे तेवढेच.

चिकटवणं

जुलैत चिकटवू नका. सरस त्या हवेत दिवसेंदिवस वाळत नाही आणि त्यावर बुरशी येते. जुलैत करायचं ते एवढंच: तुकडा आडवा ठेवा, म्हणजे पापुद्रे गळणार नाहीत. गळलेले पापुद्रे काड्यापेटीच्या रिकाम्या खोक्यांत ठेवा आणि खोक्यावर कुठली फळी, कुठला कोपरा ते लिहा. मोबाइलवर फोटो काढा. झाडू आणि ओला कपडा महिनाभर त्या खोलीतून हद्दपार.

दिवाळीनंतर हवा कोरडी होऊ लागली की कामाला लागा. शंभर मिलिलिटर पाण्यात तीन ते पाच ग्रॅम सरस रात्रभर भिजवायचा, सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून विरघळवायचा. उकळायचा नाही, उकळला की त्याची पकड जाते. हाताला सोसेल त्याहून थोडं अधिक, पन्नास-पंचावन्न अंश. शून्य नंबरच्या ब्रशने पापुद्र्याच्या कडेला एक थेंब. तो आपोआप खाली ओढला जातो, ढकलावा लागत नाही. दोन-तीन मिनिटं थांबायचं, म्हणजे कडक पापुद्रा ओलीने जरा नरम होतो. मग बटर पेपर ठेवून बोटाने हलकेच खाली बसवायचा आणि वर वाळूची पुरचुंडी. बाहेर आलेला सरस ओलसर बोळ्याने लगेच टिपायचा, कारण वाळल्यावर तो चमकतो आणि ओढतो.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात चांगले शिकलेले लोकही पडतात. चित्रांच्या दुरुस्तीची पुस्तकं सांगतात की सरस लावण्याआधी पापुद्र्याखाली पाणी-स्पिरिट सोडा, मग सरस चांगला पसरतो. ती पुस्तकं तैलरंगाच्या देशातली. आपल्याकडच्या लाखेखाली स्पिरिट सोडलं की रंग विरघळून पापुद्रा बटर पेपरला चिकटून वर येतो. पहिल्या चाचणीत स्पिरिटला रंग आला असेल तर हा सल्ला विसरा, नुसतं कोमट पाणी चालेल. गरम इस्त्रीने दाबायचंही लाखेवर करू नका. ६५-७० अंशांना लाख मऊ व्हायला लागते.

पाण्यालाच रंग सुटतो असा तुकडा असेल तर सरस नको. तिथे पॅरालॉइड बी-७२ नावाची पारदर्शक राळ वापरतात, पाच टक्क्यांचं पातळ द्रावण करून. ती बहुतेक जण अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवतात, पण अ‍ॅसिटोन लाखेलाही उठवतं. खाली खळीचा रंग आणि वर लाखेचा हात, असा सावंतवाडीचा पाट असेल तर टोल्युइन किंवा झायलीनमध्ये करावी लागते, आणि ते बंद खोलीत श्वासात घ्यायचे पदार्थ नव्हेत. उघडी गच्ची, योग्य मास्क, थोडं काम. हे जमणार नसेल तर करू नका.

सुतारकामाचा पांढरा गोंद अजिबात नाही. आज छान धरतो. पण पुढे तो काढता येत नाही, आणि पुढच्या माणसाला तो काढावाच लागतो.

गेलेला रंग पुन्हा रंगवायचा का? जिथे चित्र अडतं, एखादा डोळा, एखादी बोटं, तिथे जलरंगाने थोडंसं. बाकी नाही. पाळण्याच्या वरच्या कठड्यावर रंग घासून लाकूड उघडं पडलेलं असतं. चार पिढ्यांच्या आया तिथे हात ठेवून झोका देत आल्या. ती जागा रंगवून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाशी मी वाद घालतो आणि बहुतेक वेळा जिंकतो.

रंग उठत नाही, पण दुसरं काहीतरी होतंय

पांढरी झाक. कोरड्या मऊ ब्रशने निघाली आणि कुबट वास आला तर बुरशी. ब्रशने निघत नाही आणि दुधासारखी रंगातच मिसळलेली दिसते तर लाखेने ओल धरली आहे. ती बऱ्याचदा ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात, म्हणजे हवा कोरडी झाल्यावर, आपोआप फिकी होते. घाईने स्पिरिटचा बोळा फिरवून पॉलिश ओढणारे रंगही ओढतात. बुरशी मात्र घराबाहेर नेऊन, तोंडाला मास्क बांधून झटका.

चिकटपणा आणि काळपटपणा. हे खोबरेल. खोबरेल वाळत नाही, धूळ धरून बसतं. जवसाचं तेल वाळतं, पण वर्षागणिक तपकिरी होतं आणि मग पिवळा रंग मधासारखा दिसू लागतो. लाखेच्या रंगावरून ही साय टर्पेंटाइनच्या बोळ्याने हळूहळू निघते. इंचभर जागा, नवा बोळा, इंचभर जागा.

पडणारी पूड. खाली काळा कागद पसरा आणि आठवडाभराने पाहा. टाल्कम पावडरीसारखं मऊ पीठ आणि मिलिमीटर-दोन मिलिमीटरची गोल भोकं असतील तर भुंगेरा. खसखशीसारखे वेगळे वेगळे कोनदार दाणे असतील तर कोरड्या लाकडातली वाळवी. मातीच्या नळ्या असतील तर जमिनीतली वाळवी, आणि तिथे पाळण्याचं नव्हे, भिंतीचं काम काढायला हवं. सागाच्या गाभ्याला भुंगेरा सहसा लागत नाही, पण कडेच्या पांढऱ्या लाकडाला लागतो, आंब्याच्या फळ्यांना तर हमखास. भोकं जुनी की चालू हे ओळखायला त्यावर पातळ कागदाची चकती खळीने चिकटवा. मे-जूनमध्ये कागद फुटला तर किडा आत जिवंत आहे. औषध कोऱ्या पाठीकडून सुईने सोडावं आणि ते स्पिरिटातलं नाही ना हे बाटलीवर वाचावं. पुढच्या भोकातून सोडलेलं औषध रंगाखालून पसरतं आणि डाग कायमचा राहतो. डांबरगोळ्यांनी लाकडातला किडा मरत नाही.

पॉलिश पेपर घेण्याआधी

आता थुंकीच्या बोळ्याचं. जुन्या रंगीत सामानातला केशरी म्हणजे बहुधा शेंदूर, म्हणजे शिसं. पिवळा हरताळ असेल तर त्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक आहे. लाल हिंगूळ असेल तर पारा. पांढरा सफेदा हाही शिशाचा असू शकतो. नंतर मारलेला ऑइलपेंटही निर्धास्त नाही. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर नको हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याच्या आधीच्या डब्यांत काय होतं ते कुणी तपासून देणार नाही. म्हणून जुना रंग कधीही घासायचा नाही. पॉलिश पेपरने नाही, मशीनने तर अजिबात नाही, हॉट गनने जाळायचाही नाही. रंगाची पूड उडाली की ती आधी तुमच्या फुप्फुसात आणि मग घरातल्या रांगत्या पोराच्या हाताला.

पाळण्याच्या बाबतीत हे बोलणं अवघड जातं. लोक पाळणा दुरुस्त करतात ते नातवाच्या बारशासाठी. मी सरळ सांगतो: बारशाच्या दिवशी ठेवा, आतून जाड गोधडी चारी बाजूंनी वर उलटवून बांधा, म्हणजे बाळाचं तोंड आणि हात कठड्याला लागणार नाहीत. राघू हाताला येणार नाहीत एवढे वर. गाणी म्हणा, नाव ठेवा, आणि रोजच्या झोपेला दुसरा पाळणा किंवा झोळी. पोरं कठडा चावतात, हे आजींना माहीत असतं. त्या पटकन मान्य करतात, बापच कुरकुरतात.

जागा

आपल्याकडचा पाऊस पश्चिमेकडून मारा करतो. बेळगावात ठीक, पण खानापूर, कणकुंबी, चोर्ल्याकडच्या घरांत पश्चिमेच्या भिंतीला आतून घाम फुटतो. बऱ्याच घरांत जुनं सामान नेमकं तिथेच, कारण ती भिंत रिकामी असते. आतल्या भिंतीपाशी हलवा आणि भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. पायांखाली विटा आणि विटांवर प्लॅस्टिकचा तुकडा, कारण शहाबादी फरशी पावसात ओली राहते. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, धुतलेली जुनी सुती साडी बरी. चुलीवरचा माळा नको. भुंगेरा तिथे कमी येतो हे खरं, पण धूर आणि कोरडी धग रंगाचे तुकडे करते.

डिजिटल आर्द्रतामापक काही शे रुपयांना मिळतो. एक घ्या आणि पाळण्याच्या मागे ठेवा, खोलीच्या मध्ये नाही. ५० ते ६५ टक्क्यांच्या मध्ये आकडा राहिला तर छान. ७०च्या वर आठवडाभर राहिला तर बुरशीची वाट पाहा. पावसात दुपारी दार-खिडक्या सताड उघडून "हवा खेळवणं" ही आपली सवय, पण बाहेर ९५ असताना आत ७५ असेल तर आपण ओल आत बोलावतो. उघडीप मिळाली तरच उघडा. एसी लावलेल्या खोलीत नेऊ नका. रात्री चालू, दिवसा बंद, म्हणजे रोज एक छोटा पावसाळा.

देवस्थानची पालखी, रथ किंवा चित्रांचा देव्हारा असेल तर यातलं काहीच स्वतः करू नका. लखनौच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळेचं मैसूरला प्रादेशिक केंद्र आहे, आपल्याला तेच जवळ. कमिटीच्या लोकांना पत्र लिहायला सांगा. नाहीतर जत्रेच्या आधी कुणीतरी हौशी देणगीदार ऑइलपेंटचे डबे घेऊन उभा राहतोच.

तो जांबोटीच्या वाटेवरचा पाळणा मी तिसऱ्यांदा केला तेव्हा पुढे काही लावलं नाही. मागचे खिळे काढले, पट्ट्या सरकत्या केल्या, लांबी कोरून काढली, पापुद्रे सरसाने बसवले आणि तो पश्चिमेच्या खोलीतून माजघरात आणला. चमक नाही म्हणून घरचे नाराज होते. पुढच्या ऑगस्टमध्ये मीच फोन केला. "हाय तसा हाय," आजी म्हणाल्या, "पण तुमचं ते घड्याळ बहात्तर दाखवालंय, त्याला काय झालंय बघा की."